भिंतीशी थांबलेली गल्ली

आमच्या भागातल्या प्रत्येक रस्त्यावरून एकदा तरी पळायचं, असं मी ठरवलंय. खरं तर पळण्यापेक्षा रस्ते आखण्यातच जास्त वेळ जातो. बंद गल्ल्या नेहमी मागे राहतात, कारण आत गेलं की त्याच वाटेने परत यावं लागतं. शिवाय मोठ्या रस्त्यावर तुम्हाला कुणी काही विचारत नाही. बंद गल्लीत मात्र शिरताच "कुणाकडे?" येतंच. कुणाकडेही जायचं नसलेला माणूस तिथे कशाला शिरेल?

आज उरलेली शेवटची गल्ली घेतली. ती एका भिंतीशी संपली. भिंतीवरून ओळखीची खिडकी दिसली. आमचीच, बाबांच्या खोलीची.

दारात सडा घालणाऱ्या बाईंनी विचारलंच, "कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. ती खिडकी आमची."

"अगबाई! मग पहाटे खोकायचे ते तुमचे वडील का? त्यांच्या खोकल्यानेच जाग यायची आम्हाला. हल्ली ऐकू येत नाही. बरं वाटलं ना त्यांना?"

बाबांना जाऊन महिना झालाय. ते सांगवेना.

"हो, आता काही त्रास नाही," म्हणालो, आणि आलो त्याच वाटेने निघालो. चालत.