भाऊबीजेला हँडल लॉक

आमच्या मालकांची मोटरसायकल जुनी होती आणि माझी अक्कल कोरी करकरीत. दर दसऱ्याला गाडीची पूजा मीच करायची. बाकीच्या बायका टाकीला न् चाकाला हळदकुंकू लावतात. मला वाटायचं, चावी जिथं जाते तिथूनच गाडीत जीव शिरतो, तेव्हा खरं देवस्थान ते. म्हणून नेमानं चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू त्या भोकात सोडायचं आणि वरून पळीभर पाणी. फौजेतनं रिटायर झालेल्या माणसाची गाडी. तिला मी काही कमी पडू देते होय.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ बऱ्याच वर्षांनी दिवाळीला घरी आला होता. तोही फौजी. सुट्टी संपली ती नेमकी भाऊबीजेच्या दिवशी. दुपारी माहेरच्या फाट्यावरून बस, सांगलीहून पुढं रेल्वे. त्याच्या आत ओवाळायला पोचले तर पोचले, नाहीतर पुन्हा कुठल्या वर्षी हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आमचं गाव सांगलीकडं, माहेर साताऱ्याच्या हद्दीत, आणि भाऊबीजेला एसटीच्या दारात लोक लोंबकळत असतात. शिवाय मी वहिनीला फोनवर ठणकावून सांगून बसले होते, "आमी गाडीवर येणार."

सकाळी नवी साडी नेसून, मांडीवर ओवाळणीचं ताट घेऊन मी मागच्या सीटवर बसले सुद्धा. मालकांनी चावी घातली. अर्धी गेली, पण फिरेना. रात्री त्यांनी हँडल डावीकडं वळवून लॉक केलं होतं, ते तसंच मान वाकडी करून बसलेलं. त्यांनी झाडूची काडी आत घालून फिरवली. ती लालभडक होऊन बाहेर आली. ते काडीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"ही गाडी हाय का सवाष्ण?"

मी म्हटलं, "तेल सोडा."

शिलाई मशीनचं तेल सोडलं. आत कुंकवाचा गारा झाला आणि अर्धी जाणारी चावी तेवढीही जाईना.

"उतर खाली," मालक म्हणाले.

"माहेरला निघालेलं पाऊल मागं घेत न्हाईत. ढकला. उताराला लागली की हुईल सुरू."

बॅटरी उतरलेली गाडी आणि कुलूप अडकलेली गाडी यात फरक असतो, हे त्या वयात मला सांगणार कोण आणि ऐकणार कोण. मालकांनी ढकललं. हँडल डावीकडं, म्हणून गाडीही डावीकडं. अंगणातल्या शेवग्याभोवती आमची एक फेरी झाली, मग दुसरी. पदर सावरत, ताट धरून मी ऐटीत बसलेली. कठड्यावरून थोरली जाऊ बघत होती.

"अगं, भावाकडं निघालीस का वड पूजायला?"

मालक दम खात म्हणाले, "वहिनी, तुमी हसू नका. ही उतरंना झालीया."

तेवढ्यात भावाचा फोन. "आक्का, मी फाट्यावर येऊन थांबलोय. बस वेळेवर हाय म्हणत्यात." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्तच रडू आलं.

धाकटे दीर उसाची रिकामी ट्रॉली घेऊन त्याच रस्त्यानं ऊसतोडीची टोळी आणायला निघाले होते. मालकांनी त्यांना थांबवलं. फाट्याच्या पुढच्या गावात चावीवाला आहे, गाडीही बरोबर घेऊ, असं ठरलं. चौघांनी मोटरसायकल उचलून ट्रॉलीत चढवली आणि दोरानं आवळली. तळाला चिखल आणि पाचट. नवी साडी घेऊन बसायचं कुठं? बसले पुन्हा मोटरसायकलवर. अशी मी माहेरच्या वाटेला लागले. गाडी ट्रॉलीत, मी गाडीवर आणि ताट माझ्या मांडीवर. शब्द दिला होता, गाडीवर येणार. वाटेत लोक सायकली थांबवून बघत होते, आणि मी समजत होते की साडी उठून दिसतेय.

फाट्यावर पोचलो तेव्हा बस लागलेलीच होती. भाऊ एक पाय पायरीवर ठेवून उभा. मला बघितलं आणि बॅग तिथंच टाकून ट्रॉलीवर चढला.

"आक्का, मिरवणूक कुणाची म्हणायची ही?"

"बस गप," म्हणून मी त्याला मोटरसायकलवर बसवलं. निरांजन वाऱ्यानं दोनदा विझलं. तिसऱ्यांदा मालकांनी आणि दिरांनी टोप्या आडव्या धरल्या, तेव्हा कुठं ओवाळून झालं. मग मी त्याला लाडू भरवला.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. कंडक्टर खाली उतरून ट्रॉलीपाशी उभा राहिला होता.

"आवं ताई," तो हळूच म्हणाला, "आमालाबी आज सुट्टी न्हाई. बहीण तिकडं मेढ्याला वाट बघतीया."

मी त्यालाही ओवाळायला वर बोलावलं. मग ड्रायव्हरलाही. बसमधली माणसं उशीर झाला म्हणून कुरकुरत होती, पण एक आजीबाई खिडकीतनं म्हणाल्या, "व्हऊ द्या की, त्यांनाबी कपाळ हाय." भाऊ बॅग उचलून चढला, तिघांच्याही कपाळाला कुंकू होतं आणि बस हलली.