बाभळीमागे उतरलेलं जहाज

जहाजकाका चालताना जमिनीकडे बघत नसत. जयेंद्रगंजच्या भर बाजारात मान वर करून चालायचे, आणि गाय, हातगाडी, स्कूटर यांनी आपापलं बघून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असायची. कुणी काही विचारलं की आधी आभाळाकडे बघायचं आणि मग उत्तर द्यायचं. "काका, चहा घेणार?" एवढ्यालासुद्धा. एकदा भाजीवाल्यानं वैतागून विचारलं, "दादा, भाव ऊपर लिखा है क्या?" काका शांतपणे म्हणाले, "भाव नहीं, हवा लिखी है. आज पूरब की है." आणि मेथी न घेताच पुढे गेले. घरी काकूंनी मेथीबद्दल विचारलं तेव्हा पुन्हा वर बघितलं असणार.

ग्वाल्हेरच्या बोलण्यात विमान म्हणजे हवाई जहाज. काका हलक्या लाकडाची आणि कागदाची छोटी उडती विमानं करत, म्हणून आमच्या सगळ्या शिंदे की छावनी मोहल्ल्यात ते 'जहाजवाले', आणि आम्हा मराठी घरांत जहाजकाका. त्यांचं आडनाव पोस्टमनला तेवढं ठाऊक होतं. त्यांना जाऊन पाच महिने झाले. आमच्या जहाजं उडवणाऱ्यांच्या क्लबाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर तूच लिही, असं सगळ्यांनी ठरवलं. मी फारसा बोलणारा माणूस नाही. शिवाय काकांबद्दल खरं लिहायचं तर मधे माझ्याबद्दलही येणार. त्याला इलाज नाही.

काकांचा गुरू म्हणजे घार. ते 'चील' म्हणायचे. कुठे चील पंख न हलवता गोल फिरताना दिसली, की तिथे खालून गरम हवा वर चढते आहे, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. त्यांची जहाजं ग्लायडर होती. इंजिन नाही, काही नाही. लांब दोरीनं पतंगासारखं ओढत वर न्यायचं, दोरी सुटली की जहाज आणि हवा यांचं काय ते ठरायचं. जो जास्त वेळ तरंगेल तो जिंकला. आम्ही उतावीळ होऊन दोरी ओढायला निघालो की काका हात धरून बसवायचे. "अरे भई, हवा पाहुणी असते. तिला ओढून आणायचं नसतं. दार उघडं ठेव आणि बस. चीलला बघ, ती कधी घाई करून राहिली आहे का? आणि फीस पण मागत नाही."

त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात सगळीकडे लाकडाचा भुसा आणि कागदाला लावायच्या रोगणाचा वास. ओला पंख वाकडा वाळू नये म्हणून तो सपाट पलंगावर ठेवून वर पुस्तकांची वजनं ठेवायची. काकू आल्यागेल्याला सांगत, "आमच्याकडे पंख पलंगावर झोपतात आणि माणसं खाली." पण तक्रारीच्या सुरात हे सांगतानाच त्या पंखाला हात न लावता त्यावरची धूळ पदरानं झटकत. एकदा पापड आणि पंख एकाच चादरीवर वाळत होते. काकांनी पापडाचा तुकडा हातात घेऊन म्हटलं, "हा पण उडेल, पातळ झाला आहे एकदम." काकूंना ही आयुष्यातली सर्वांत मोठी तारीफ वाटली असावी, कारण ती त्यांनी मला तीन वेळा सांगितली.

प्रत्येक जहाजाच्या पोटात, कागद चिकटवण्याआधी, काका पेन्सिलीनं त्याची खोड लिहून ठेवत. 'नाक जड.' 'डावीकडे ओढतं.' एकावर नुसतं 'हट्टी' लिहिलेलं होतं. मी विचारलं, गुण का नाही लिहीत? वर बघून म्हणाले, "गुण सगळ्यांना दिसतात, अव्या. खोड फक्त करणाऱ्याला माहीत असते. त्यानं नाही लिहिली तर कोण लिहिणार?"

हे वाक्य मी पंचवीस वर्षं बाळगून आहे. फार सुखानं नाही.

आमच्या छोट्या क्लबात स्पर्धकच एकमेकांचा वेळ घ्यायचे. एकाचं जहाज वर, दुसऱ्याच्या हातात घड्याळ. जहाज जमिनीला टेकलं किंवा घड्याळवाल्याच्या नजरेआड झालं की त्यानं बटण दाबायचं. त्याचा शब्द शेवटचा. यावर वाद घालणाऱ्याला काका मैदानाबाहेर काढत. "ज्याच्या हातात घड्याळ, त्याचे डोळे ते आपले डोळे. बस, विषय संपला."

त्या वर्षीची स्पर्धा थाटीपुराच्या पलीकडच्या मैदानावर होती. मी सत्तावीस वर्षांचा, नुकता नोकरीला लागलेला. माझ्या वडिलांना हा छंद म्हणजे शुद्ध पोरकटपणा वाटे. 'लाकडाच्या चिमण्या' म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच ते बघायला आले होते, आणि तोवरच्या वेळांत मी पहिला होतो. शेवटचं उड्डाण काकांचं राहिलं होतं. त्यांचं जहाज अडीच मिनिटं राहिलं असतं तर कप त्यांचा. घड्याळ माझ्या हातात होतं.

काकांनी त्या वर्षी नवा पंख केला होता. टोकं नेहमीच्या दुप्पट वर उचललेली. सहा महिने खपले होते त्यावर. दोरी घेऊन ते धावले, सवयीप्रमाणे वर बघत, आणि दोरी सुटली त्याच क्षणी एका खड्ड्यात सपशेल पडले. चष्मा उडाला. सगळे तिकडे धावले. ते हसतच होते. चष्मा शोधून, पुसून ते उठेपर्यंत मैदानात वर बघणारा मी एकटाच होतो.

जहाज चढत होतं. मला स्वच्छ दिसत होतं. दोन मिनिटं दहा सेकंदांवर मी बटण दाबलं आणि म्हणालो, "उतरलं. बाभळींच्या मागे."

काका आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा कप, अव्या. शाब्बास!" वडील टाळ्या वाजवत होते. बाकीच्यांच्या नजरा बाभळींकडे होत्या, आणि मी चोरून वर बघत होतो. जहाज सुपारीएवढं झालं, मग तिळाएवढं, तरी चढतच होतं. सहा-सात मिनिटं तरी दिसत राहिलं.

पुढचे तीन दिवस, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर, आम्ही दोघं त्या बाभळींत जहाज शोधत होतो. हो, मीसुद्धा. ते तिथे नाही हे माहीत असताना मी फांद्या बाजूला करत होतो, "इकडे नाही काका," म्हणत होतो. परत आल्यावर काकू सुई घेऊन बसत आणि दोघांच्या पायांतले काटे काढत. आधी माझ्या.

वडिलांनी कप शोकेसमध्ये ठेवला. आल्यागेल्याला दाखवायचे. ते असेपर्यंत सांगणं शक्य नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते गेल्यावरही सहा वर्षं मी गप्पच होतो, तेव्हा ती सबबही खरी नव्हती.

कपाचं काकांना काहीच वाटलं नाही. वाईट झालं ते वेगळंच. तो पंख फसला असं त्यांनी धरलं. पुन्हा कधी तसा केला नाही. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "टोकं जास्त उचलू नका. मी उचलली होती, जहाज सरळ बाभळीत जाऊन बसलं." मी शेजारीच उभा असायचो. माझं खोटं त्यांच्या तोंडून धडा होऊन बाहेर पडायचं आणि लोक ते वहीत उतरवून घ्यायचे.

गेल्या हिवाळ्यात क्लबानं पुन्हा स्पर्धा घ्यायची ठरवली. आता सगळी रिमोटवाली, फोमची विमानं. पण आमचे अध्यक्ष सक्सेनाजी म्हणाले, "पहले पुराने लोगों का सम्मान होगा, फिर कुछ उड़ेगा." परवानगी, मंडप, शाली ही सगळी कामं माझ्याकडे आली, आणि काकांचं मानपत्रही मीच लिहायचं ठरलं. काका ब्याऐंशीचे झाले होते, डोळ्यांपुढे धुरकट दिसायचं. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"शाल नको," ते म्हणाले. "त्यापेक्षा पंखांना लावायचा टिश्यू कागद द्या, तो आजकाल मिळत नाही."

"दोन्ही देऊ. मानपत्रात काय लिहू ते सांगा."

"लिही, की पन्नास वर्षं जहाजं केली. आणि लिही, की एक पंख फसला."

"काका, मानपत्रात असं लिहीत नाहीत."

"का नाही? नुसते गुण लिहिले तर ते मानपत्र नाही, लग्नाची पत्रिका आहे. लिही, टोकं दुप्पट उचलली आणि पंख फसला."

मी पेन उघडलं. 'पंख' लिहिलं. पुढचा शब्द हातून उतरेना. काका वाट बघत होते, काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "पंख फसला नव्हता, काका. जहाज उतरलंच नव्हतं. मला दिसत होतं." आणि मग सगळंच सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. पंचवीस वर्षं मला वाटत होतं, फार वेळ लागेल.

आधी काकू बोलल्या. "तीन दिवस काटे काढले रे मी तुझ्या पायातले!" चहाचा कप खाली ठेवून त्या आत गेल्या. काका वर बघत राहिले, म्हणजे छताकडे.

"किती वेळ दिसलं?"

"सहा-सात मिनिटं."

"गोल फिरत होतं? डुलत नव्हतं?"

"नाही. गोल. चीलसारखं."

"आणि चढत होतं?"

"चढत होतं, काका."

"अगं," त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "ऐकलंस का? पंख बरोबर होता!"

आतून उत्तर आलं, "पंख होता बरोबर. माणसाचं बघा."

मी निघालो तेव्हा काका दारापर्यंत आले. हसू गेलं होतं. "कपाचं जाऊ दे. तुझ्या बापाला आनंद झाला, ठीक आहे. पण अव्या, इतकी वर्षं मी लोकांना चूक शिकवत राहिलो, ते तुझ्यामुळे. ते दुरुस्त तू करायचं. पंख मी सांगतो तसा तू बनवायचास."

दोन महिने मी रोज ऑफिसातून त्यांच्याकडे जात होतो. ते बोटांनी पंख चाचपत आणि सांगत, "इथे घास. अजून. बस." पहिले आठ दिवस काकूंनी मला नुसतं पाणी दिलं. नवव्या दिवशी चहा आला. त्या दिवशी मला जे वाटलं ते कप मिळाला तेव्हाही वाटलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी काकांना शाल घातली, टिश्यू कागदाची गुंडाळी दिली. मी मानपत्र वाचलं. 'त्यांचा एक पंख फसला, असं ते सांगत आले. तो फसला नव्हता. चूक टाइमकीपरची होती.' लोक हसले. टाइमकीपर कोण, हे कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. काकांनी माझ्या दिशेला मान वळवली. म्हणून आज लिहितो: तो मी. कप मी क्लबात नेऊन दिला आहे. त्यावरचं नाव बदलायचं आहे.

सत्कार झाल्यावर काका व्यासपीठावर बसेनात. मैदानात खुर्ची मागितली आणि घड्याळ स्वतःच्या हातात घेतलं. "दादा, आपको दिखेगा कैसे?" सक्सेनाजींनी विचारलं. "याचे डोळे आहेत ना," काका माझ्याकडे बोट करून मराठीतच म्हणाले. मग पासष्टीचे सक्सेनाजी धापा टाकत दोरी घेऊन धावले, आणि आमचं नव्या पंखाचं जहाज सुटलं.

"दिसतंय?"

"दिसतंय, काका."

बटणावर त्यांचा अंगठा होता, तोंड आभाळाकडे. मिनिटा-मिनिटानं विचारत. दोन मिनिटं झाली, तीन झाली. किल्ल्याच्या बाजूला एक चील फिरत होती, जहाज तिच्या खालून गोल घेत चढत होतं. मी तेही सांगितलं.

"क्या बात है," ते पुटपुटले. "दिसतंय?"

"दिसतंय. तिळाएवढं."

नऊ मिनिटं होऊन गेली. मी डोळे ताणले, बाजूला बघून पुन्हा बघितलं. आभाळ रिकामं होतं.

"आता नाही दिसत, काका."

त्यांनी बटण लगेच दाबलं नाही. "खरं?"

"खरं."

अंगठा खाली गेला. घड्याळ माझ्या हातात देत ते म्हणाले, "मग लिही."

त्या दिवशी मी वेळ लिहिली. बाकीचं आज.