तळाची माती

मी अंदमानला समुद्रात बुडी मारायला जाणार हे कळल्यावर सोलापुरातल्या आमच्या ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "मॅडम, तुमच्या सांगोल्यात प्यायला टँकर लागतो, तुम्ही पोहायला शिकलात कुठं?" असं एकानं विचारलंच. मी म्हटलं, "पाणी क्वचित दिसतं ना, म्हणून दिसलं की आम्ही उडी मारतो." उत्तर ठसक्यात दिलं खरं, पण मनातून मी घाबरले होते. वय चोपन्न, गुडघे कुरकुरणारे, आणि तिकीट लेकीनं परस्पर काढलेलं.

मला पोहायला शिकवलं आत्यानं, आमच्या मळ्यातल्या विहिरीत. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि आल्या दिवसापासून शेतात राबली. वस्तीवरच्या सगळ्या पोरींना पोहायला तिनंच शिकवलं. तिची रीत सोपी होती. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, तोंड डाग देऊन बंद केलेला, पोरीच्या पाठीला बांधायचा आणि तिला पायरीवरून ढकलून द्यायचं. रडली तर आत्या म्हणायची, "रड की. हिरीत पाणी वाढंल तेवढंच."

डबा सुटण्याचा मात्र नियम होता. पोरीनं डबा काढून बुडी मारायची, तळाला हात लावायचा आणि मूठभर गाळ घेऊन वर यायचं. आत्या पायरीवर बसलेली असायची. ती मूठ उघडायची, गाळ अंगठ्यानं पोरीच्या कपाळाला ओढायची आणि म्हणायची, "सुटला डबा." पुढं त्या पोरीला कुणी डबा बांधत नसे.

माझा डबा काही सुटेना. माझ्यापेक्षा लहान पोरी कपाळं मळवून मिरवत होत्या आणि मी टिनाचा आवाज करत कडेकडेनं फिरत होते. तिसऱ्या उन्हाळ्यात वडील म्हणाले, "पोरगी मोठी झाली. ह्या सुट्टीत डबा सुटला तर ठीक, न्हायतर पुढल्या साली हिरीत उतरायचं न्हाय." सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ते स्वतः काठावर येऊन उभे राहिले.

मी बुडी मारली. भिंतीचे दगड धरत धरत खाली सरकत गेले. एका दगडात लोखंडी कडी होती. ती धरून खाली पाहिलं तर नुसता काळोख. कानात कळ आली, छाती फुटायला लागली आणि माझं अवसान गळालं. कडीशेजारच्या सांदीत माती होती, ती नखांनी खरवडली. त्या अंधारात ती काळीच दिसली. मूठ घट्ट मिटून वर आले आणि आत्यासमोर धरली. तिनं एकेक बोट सोडवलं, कपाळावर अंगठा ओढला आणि म्हणाली, "सुटला डबा." काठावर वडिलांनी टाळ्या वाजवल्या. मी लगेच पाण्यात तोंड घातलं, कारण मला कुणाच्याच डोळ्याला डोळा भिडवायचा नव्हता.

त्या खोट्या कपाळावर मी चाळीस वर्षं पोहले. सोलापूरच्या तलावात पोहले, ऑफिसच्या स्पर्धेत ढाल मिळवली, लेकीलाही शिकवलं. कुणी कौतुक केलं की हात आपोआप कपाळाकडे जायचा. हे नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

अंदमानात शिकवायला होती ती माझ्या लेकीहून लहान पोरगी. तिनं माझ्या पाठीवर हवेचा सिलिंडर चढवला तेव्हा मला हसूच फुटलं. इतक्या वर्षांनी पुन्हा पाठीला डबा! फरक एवढाच, की तो डबा मला वर ठेवायचा आणि हा खाली घेऊन जाणार होता.

माझी पंचाईत झाली ती श्वासाची. विहिरीतलं पहिलं शिक्षण म्हणजे तोंड मीट आणि दम धर. इथं उलटं. दम धरायचाच नाही, नळीतून सावकाश घेत राहायचा, सोडत राहायचा. दम धरून वर आलं तर फुप्फुसाला इजा होते म्हणे. तरी पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात डोकं बुडालं की मी गाल फुगवून गप्प. पोरगी प्रत्येक वेळी मला बाहेर काढायची. "आंटी, साँस मत रोकना!" चौथ्यांदा ती चक्क ओरडली. मीही चिडले. म्हटलं, बाई, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी दम धरतेय, एका दिवसात कसा सोडू? चार दिवस गेले तेव्हा कुठं छाती ऐकायला लागली.

पाचव्या दिवशी तिनं मला समुद्रातल्या भिंतीवर नेलं. होडीतून उतरलो, खाली पोवळ्यांचं पठार लागलं, त्यावरून थोडं पुढं गेलो आणि पठार संपलं. एकदम सरळ खाली कडा. विहिरीच्या काठावरून वाकून बघावं तसं मी बघितलं. खाली निळं, मग गडद निळं, मग काही नाही. नाक दाबून कान मोकळे करत आम्ही कड्याला समांतर उतरू लागलो. भिंतीला पंख्यासारखी पोवळी फुटली होती, कपारींत मासे दडले होते, एक भलं मोठं कासव आमची दखलही न घेता वर निघून गेलं. आणि या सगळ्यात मला आमच्या विहिरीची भिंत इतकी आठवली की डोळे भरून आले. चष्म्याच्या आत रडलं तर पुसताही येत नाही.

सवयीनं हात भिंतीकडे गेला. पोरीनं तो हलकेच बाजूला केला. हात लावायचा नाही, हे तिनं दहा वेळा बजावलं होतं. मी हात मागं घेतला, तेव्हा नखांकडे लक्ष गेलं. निघताना लेकीनं हौसेनं लालभडक रंग लावून दिला होता. तो काळा झाला होता. मला वाटलं, खराब झाला. पण वर येऊ लागलो तसा तो तपकिरी झाला, आणि पाण्याबाहेर हात काढला तर पुन्हा लालभडक. पोरगी म्हणाली, खोल गेलं की पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं.

होडीत सगळे हसत होते, फोटो काढत होते. मी मूठ मिटून बसले होते. त्या दिवशी विहिरीतून मी काळी म्हणून वर आणलेली माती उन्हात तांबडी असणार. मी ती पाहिली नव्हती. आत्यानं पाहिली होती.

परत आल्यावर पहिल्या रविवारी सांगोल्याला गेले. आत्या आता पंच्याऐंशीची आहे, डोळ्यांना अंधुक दिसतं. विहिरीच्या वरच्या पायरीवर लिंबाच्या सावलीत बसली होती. मी सरळ सांगितलं, "आत्या, ती माती तळाची नव्हती. भिंतीची होती."

"ठावं हाय की. तांबडी व्हती. तळाचा गाळ काळा असतो, कुजल्या पाल्याचा वास येतो त्याला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुजा बा वर हुबा व्हता. बोलले असते तर पुन्हा पाण्यात उतरू दिली असती का त्यानं तुला?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिनं पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "बरं, त्या समुद्रात तरी तळ लागला का?"

"तिथं तळच नव्हता."

"आन पाठीवर काय व्हतं?"

"डबा," मी म्हटलं.

ती खूप हसली. "म्हंजी सुटला न्हायच की अजून! जा, हीर आटलीया. पायऱ्या हायेत. घिऊन ये."

भर दुपारी चपला घालून मी विहिरीत उतरले. आजूबाजूला डाळिंबाच्या बागांसाठी बोअर झाली, तेव्हापासून तिला पाणी धरवत नाही. तळ भेगाळला होता. वरचं ढेकूळ उचललं तर खाली काळा ओलसर गाळ होता. मूठभर घेतला आणि भिंतीकडे पाहिलं. कडी तिथंच होती. हात वर केला तर बोटांना लागली. एवढंच अंतर राहिलं होतं त्या दिवशी.

वर आले आणि मूठ आत्यासमोर धरली. तिनं एकेक बोट सोडवलं, गाळ नाकाशी नेला आणि मान डोलवली. माझ्या बाटलीतलं विकतचं पाणी चार थेंब घालून तो भिजवला, अंगठा माझ्या कपाळावर ओढला आणि म्हणाली, "सुटला डबा." मी काठाकडे पाहिलं. टाळ्या वाजवायला वडील नव्हते.

"पाणी असतं," आत्या म्हणाली, "तर आत्ता ढकलली असती तुला."