आबांची मराठी

सांगलीच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. पीएच.डी. मी उशिरा केली, चाळिशी ओलांडल्यावर. विषय घेतला तो आमच्याच पट्ट्यातल्या बोलण्याचा. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत शेतात, गोठ्यात, चुलीपुढं जे शब्द वापरतात आणि शाळेच्या पुस्तकात जे कधी येत नाहीत, ते गोळा करायचे. सुट्टीच्या दिवशी एसटीनं गावोगाव फिरायचं, म्हाताऱ्या माणसांपुढं रेकॉर्डर ठेवायचा, घरी येऊन एकेक शब्द एकेका कार्डावर उतरवायचा. पुठ्ठ्याचे चार खोके भरले.

मी ज्यांच्यापुढं पहिल्यांदा रेकॉर्डर ठेवला ते माझे वडील. आबा फौजेत होते. हवालदार होऊन परत आले आणि मग साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर उभे राहिले. फौजेत चोवीस वर्षं हिंदीत काढलेला माणूस, पण घरात हिंदीचा एक शब्द काढत नसे. आम्ही भावंडं टीव्ही बघून हिंदी झाडायला लागलो की म्हणायचे, ड्युटीची भाषा ड्युटीवर. मी बैल जुंपायच्या सामानाची नावं विचारली तेव्हा त्यांनी शिवळ, जुपणी, कासरा असं सगळं अंगणात काडीनं काढून दाखवलं. मग हात झटकत विचारलं, "ह्याचीबी डिगरी मिळती व्हय?"

डिग्री मिळाली. त्याच्या पुढच्याच वर्षी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातनं वस्तरा पडला. आईनं फोनवर एवढंच सांगितलं, ह्यांच्या अंगावरनं वारं गेलंय. मी सांगलीहून निघून साताऱ्याच्या दवाखान्यात पोचले तोवर दुपार झाली होती. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला होता. तोंडातून शब्द नव्हता. डोळे मात्र त्यांचेच होते, सगळ्यांना बघत होते.

सहाव्या दिवशी ते बोलले. आई कांबळं सारखं करत होती. आबांनी तिच्याकडं बघितलं आणि स्पष्ट विचारलं, "कौन है?"

आई म्हणाली, "आवं, मी हाय."

"कौन?"

ती बाहेर व्हरांड्यात आली आणि बाकड्यावर बसली. "वळखीना झालेत मला," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण पदर सोडत न्हाईत गं हातातला."

पुढच्या दिवसांत आणखी शब्द आले, सगळे हिंदी. पानी. चलो. ठीक है. डॉक्टर आले की जी साब. मराठीत बोललेलं त्यांना कळत होतं. कूस बदला म्हटलं की बदलायचा प्रयत्न करायचे, नातवाचा फोटो दाखवला की हसायचे. पण स्वतः मराठी बोलायला गेले की तोंड नुसतं उघडायचं, गळ्याची शीर ताठ व्हायची आणि शेवटी एखादा हिंदी शब्द बाहेर पडायचा किंवा काहीच नाही. त्यांना त्याची लाज वाटत होती. हिंदी शब्द आला की ते मान भिंतीकडं वळवायचे.

दवाखान्यातून सोडल्यावर मी दोघांना सांगलीला माझ्या घरी आणलं. इथं एक स्पीच थेरपिस्ट होती, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, शांत बोलणारी मुलगी. तिनं मला समजावून सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बोलणं जातं, त्याला वाचाघात म्हणतात. दोन भाषा असलेल्या माणसाची कधी एक आधी परत येते, कधी दुसरी. हिंदीच का आधी आली असं मी विचारलं. ते नक्की सांगता येत नाही, ती म्हणाली, आणि कुणी नक्की सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तिनं चित्रं दाखवून तपासणी केली. कंगवा, छत्री, चप्पल, कुलूप. आबांना नाव सांगायचं होतं. कंगव्यापुढं ते "फ, फ" करत राहिले. चपलेचं चित्र बघून आपल्या पायाकडं बोट करत "पाय, पाय" म्हणाले. कुलपाला ताला म्हणाले. थेरपिस्टनं मराठीच्या रकान्यात फुल्या मारल्या. मी शेजारी बसून त्या फुल्या बघत होते आणि मनात म्हणत होते, एवढे साधे शब्दसुद्धा गेले.

घरी आलो. दारात आबा चपला न काढताच आत पाऊल टाकायला लागले, तशी आई मागून म्हणाली, "आवं, पायताण काढा की."

मी चावी हातात धरून तशीच उभी राहिले. पायताण. आबांनी आयुष्यात चपलेला चप्पल म्हटलं नव्हतं. कंगव्याला ते फणी म्हणायचे. ते "पाय" म्हणत होते ते पाय दाखवायला नव्हे, ते शब्दाच्या अर्ध्यापर्यंत आले होते. आणि आम्ही दोघींनी तिथं फुली मारली होती. थेरपिस्टला माहीत नसणं समजू शकतं, ती पुण्यात वाढलेली. पण पायताण हा शब्द माझ्या प्रबंधात होता. तो मी कार्डावर लिहिला होता आणि खाली बोलणाऱ्याचं वय लिहिलं होतं, जे आबांचं वय होतं. जो शब्द मी त्यांच्या तोंडून घेऊन त्याच्यावर डिग्री मिळवली, तो त्यांच्या तोंडून परत येत असताना मला ऐकू आला नाही.

त्याच संध्याकाळी मी खोके माळ्यावरून खाली काढले. आबांचे शब्द वेगळे केले. कोरड्यास, कालवण, इळा, खुरपं, दावं, येसण, घोंगडं. माझ्या एका विद्यार्थिनीनं प्रत्येकाचं चित्र काढून दिलं. थेरपिस्टला मी फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तिनं एकेक शब्द विचारून लिहून घेतला. मग म्हणाली, पुढच्या वेळी त्याच चित्रांवर काम करू.

पायताण हा आबांचा पहिला मराठी शब्द. तीन आठवड्यांनी आला. नंतर फणी आली, नंतर इळा. दिवसाला एकसुद्धा नाही, आठवड्याला एखादा. येसण शब्द आला त्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं स्वतःच्या नाकाला धरून ओढून दाखवलं आणि थेरपिस्ट हसली तेव्हा तेही हसले.

याच काळात आई हिंदी शिकत होती. मला कळलं ते असंच एका दुपारी. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला, पण आईसारखा नाही, शाळेतल्या मुलीनं फळ्यापुढं उभं राहून बोलावं तसा. "पानी लाऊ क्या? थोडा गरम करके लाऊ?" आबा म्हणाले, लाओ. ती पाण्याला आत आली, मला बघून लाजली. टीव्हीवरनं उचललं, म्हणाली. मग पुन्हा म्हणाली की मराठी यायला किती दिस लागतील कुणाला ठाऊक, तवर माणसानं गप बसून राहायचं का? साठीच्या पुढची माझी आई, जिनं आयुष्यात साताऱ्याच्या बाहेरचा बाजार केला नव्हता, ती मालिका बघताना वाक्यं पुटपुटून पाठ करायची.

मी मात्र एक वही सुरू केली होती. आबा कुठला शब्द कधी बोलले, कुठे अडखळले, कुठे मराठीतून हिंदीत घसरले, सगळं तारीख-वेळ घालून लिहीत होते. सुरुवातीला ते थेरपिस्टसाठी होतं. मग ती एकदा म्हणाली की असा रुग्ण, असा नोंदलेला, आपल्याकडच्या बोलीचा, तिच्या पाहण्यात नाही. दोघी मिळून लेख लिहू. एक बाजू तिची, मेंदूची, एक माझी, भाषेची. मला फार आनंद झाला. खोटं कशाला सांगू, प्रबंध मंजूर झाला तेव्हाही एवढा झाला नव्हता. त्या दिवसापासून वही माझी झाली.

एका रविवारी आबा पलंगावर बसून तांब्याकडं हात करत होते. "ता, ता," म्हणाले. थांबले. कपाळावर घाम आला. "ता... लोटा." मी झटकन पेन उचललं. तांब्या ते लोटा, पहिलं अक्षर मराठीचं, शब्द हिंदीचा, हे मी शोधत होते ते नेमकं उदाहरण. मी वेळ बघितली, लिहिलं, खाली रेघ मारली. वर बघितलं तर आबांचा हात अजून तसाच पुढं होता.

आई आतून आली, तिनं तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं, त्यांच्या ओठाला लावलं. ते घटाघटा प्याले. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तान लागली हुती त्येंना. तू काय लिवत हुतीस?"

ती फुलपात्र घेऊन आत गेली. मी वही कपाटात टाकली आणि दोन महिने उघडली नाही.

थेरपिस्टनं लेखाची आठवण करून दिली तेव्हा ती म्हणाली की रुग्णाची संमती लागेल. छापील कागद होता, खाली सही किंवा अंगठा. जवळच्या नातेवाइकाची सहीसुद्धा चालते, ती म्हणाली, म्हणजे तुमचीच. ते ऐकून मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचंच वाईट वाटलं. मी कागद घरी आणला. आबांना समजत तर आधीपासून होतं, आता तुटक तुटक बोलताही येत होतं. मी त्यांच्यासमोर बसले. वही दाखवली. सांगितलं की तुमचं बोलणं कसं गेलं आणि कसं येतंय ते मला लिहायचंय, डॉक्टर लोक वाचतील, नाव घालणार नाही, दुसऱ्या आजारी माणसांना उपयोग होईल.

त्यांनी वहीची पानं डाव्या हातानं उलटली. वाचता येत होतं का, मला ठाऊक नाही. आपल्या बोलण्याची तुटकी अक्षरं, बाजूला माझ्या खुणा. बराच वेळ ते एकाच पानावर थांबले.

"न्हाई," ते म्हणाले.

मला वाटलं, नीट समजलं नसेल. मी पुन्हा सांगितलं, जरा हिंदीतही सांगितलं. हे मी करायला नको होतं.

आबांनी वही मिटली. माझ्याकडं सरकवली. मग शब्द एकेक करत, पण मराठीतच म्हणाले, "न्हाई. घरचं हाय."

आजारानंतर त्यांनी बोललेलं ते सगळ्यात पूर्ण वाक्य होतं. ते मी लिहून ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी थेरपिस्टकडं जाऊन कोरा कागद परत दिला. तिला वाईट वाटलं असणार, पण ती म्हणाली, त्यांनी नाही म्हटलं म्हणजे त्यांना प्रश्न कळला. मी वही फाडली नाही. ती अजून माझ्याकडं आहे, आणि ती ठेवण्याचा मला हक्क आहे की नाही, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

उन्हाळ्यात आबांनी साताऱ्याला जायचा हट्ट धरला. आम्ही त्यांना पोचवलं. तिथं ते काठी टेकत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायला लागले. कोपऱ्यावर त्यांच्यासारखे आणखी दोन-तीन निवृत्त फौजी बसायचे. त्यांच्यात हिंदीची लाज नव्हती, उलट सगळेच अर्धं हिंदी बोलायचे. आबा तिथं सुखानं बसायचे. घरी आले की आईशी मराठी, अडली की हिंदी. दीड वर्ष असं गेलं. मग पुन्हा एकदा झटका आला, आणि या वेळी दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. आई आणि मी दोघीच भांडी लावत होतो. ती म्हणाली, "येवढी हिंदी शिकले मी. आता कुणासंगं बोलू?" मी तिच्या हातातलं ताट घेतलं.

हे सगळं मी इथं लिहिते आहे याचा खुलासा करायला हवा, कारण आबांनी नाही म्हटलं होतं. गेल्या वर्षी आईच्या माहेरच्या गावातली एक बाई तिच्याकडं आली. तिच्या नवऱ्याचं बोलणं असंच गेलं होतं आणि घरातले लोक त्याला वेडा समजायला लागले होते. आईनं तिला समोर बसवून सगळं सांगितलं, पहिल्या "कौन है" पासून. ती बाई गेल्यावर आईनं मला फोन केला आणि हे लिही म्हणाली. मी आबांच्या नकाराची आठवण दिली. त्यावर ती म्हणाली की त्यांचं राहू दे त्यांच्यापाशी, मी माझं सांगतेय, नाव कुणाचं घालू नको. तिचं कुठं संपतं आणि त्यांचं कुठं सुरू होतं, ते मला वेगळं काढता आलेलं नाही. तिच्या शब्दावर मी हे लिहिलं.

चित्रांची कार्डं थेरपिस्टकडं आहेत. महिन्यातून दोन शनिवारी मी तिच्या मदतीला जाते. आता नवा रुग्ण आला की ती तपासणीच्या आधी घरच्यांना विचारते, तुमच्या घरी ह्याला काय म्हणतात? मागच्या शनिवारी आष्ट्याजवळच्या एका जैन शेतकरी घरातल्या आजी आल्या होत्या, सोबत त्यांची सून. सुनेनं वहीचं एक पान आणलं होतं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. यातले निम्मे शब्द मी लग्न होऊन आल्यावर सासूबाईंकडूनच शिकले, ती म्हणाली. त्या तेव्हा हसायच्या मला. खुर्चीतल्या आजी तिच्या तोंडाकडं बघत होत्या. सुनेनं पान सरळ धरलं आणि पहिला शब्द वाचला.