अक्काकडं भांडायला येनारी मानसं

अक्का गेल्याची खबर मला टेशनाम्होरं कळली आन् मी खदाखदा हसलो. खोटं कशाला सांगू? मी टांगेवाला मानूस. घोड्याला हरभरा दाखवत हुतो, तेवढ्यात अक्काच्या गल्लीतला सायकलवाला रमजान धापा टाकत आला आन् म्हनला, "दान्या, चल बिगीबिगी, तुजी बहीन गेली." ह्या रमजानला मी मागं एकदा, तुज्या सासऱ्याला बैलानं मारलंय म्हनून वैरागला पळवलं हुतं. मला वाटलं, फेड करतोय. म्हनलं, "बरं बरं, अक्काला सांग, संध्याकाळी जेवायला येतो, चटनी काढून ठिव." रमजान तसाच हुबा ऱ्हायला. त्यो हसंना… मग मला कळलं. जलमभर थट्टा केली की आसं हुतंय बगा. खरं सांगायला आलेल्या मानसाला तुमच्या तोंडाकडं बगत हुबं ऱ्हावं लागतंय.

त्याला आता महिना व्हत आला. पुतनी म्हनली, काका, तुमी सांगा, मी लिवून घेते, पेपरच्या पुरवनीत देऊ. मला लिवता येत न्हाय. अक्का मिशनच्या बोर्डिंगात सातवी शिकली. मीबी त्याच बोर्डिंगात हुतो की, पर हप्त्याभरात भिंतीवरून उडी टाकून पळालो, आन् रस्त्यावर पडायचं सोडून हेडमास्तराच्या न्हानीत पडलो. आत हेडमास्तर अंगाला साबन लावून बसलेले. तिथं माजं शिक्षान संपलं. अक्काचं मातर चालू ऱ्हायलं, आन् पुढं तिचं लगीन शमुवेलदाजीबरं झालं. दाजी प्रचारक. मानूस सोन्यासारका, पर तुमी काय इचारायच्या आत उत्तर देनारा. मिशननं त्या दोगांना पार मालवणच्या पल्याड, समिंदराकाठच्या एका गावात प्रचाराला धाडलं. सोलापूरच्या मानसाला समिंदरावर का धाडलं, ह्ये मला आजून कळलेलं न्हाय.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या म्होरल्या उन्हाळ्यात अक्काचा सांगावा आला, "तू, मार्था आन् आई, तिगंबी ऱ्हायाला या." मार्था म्हंजी माजी बायकू. मला नवल वाटलं. अक्का कवा कुनाला 'या' म्हननारी न्हवं, आन् मला तर न्हवंच. आईनं आन् मार्थानं आठवडाभर बसून कडक भाकरी थापल्या. आमच्या सोलापूरची कडक भाकरी ठावं हाय न्हवं? पापडासारकी पातळ, महिनाभर ठिवली तरी काय व्हत न्हाय. एक मोठं गठुडं केलं, शेंगाची चटनी बांदली आन् यष्टीनं निगालो. घाट उतरताना मी सगळ्या गाडीला हसवत हुतो, आन् घाट सरला तवा खिडकीतून मान भाईर काढून वकत हुतो. मग सगळी गाडी आपली आपनच हसली.

समिंदर पयल्यांदा बगितला आन् मी अक्काला इचारलं, "ह्ये सारं पानी कुनाचं गं?"

"कुनाचंबी न्हाय."

आमच्याकडं दुष्काळात घागरीवरनं डोकी फुटलेली. हितं एवढं पानी, कुनाचंच न्हाय, आन् एकबी बाई भरून न्हेत न्हाय! मला काय पटंना. वंजळ भरून घटाघटा पिलो. मग कळलं का न्हेत न्हाईत.

त्या सांजंला अक्कानं मला का बोलावलं त्ये सांगितलं. "दोन सालं झाली दान्या, ह्या घरात गावातल्या एका मानसानं घोटभर पानी पिलं न्हाय. लोकं वंगाळ न्हाईत. कुंपनापाशी हुबं ऱ्हात्यात, बरं हाय का म्हनत्यात, मासळी देत्यात. पर आत या म्हनलं की पाय मागं. त्यास्नी वाटतंय, उंबरा वलांडला की बाटलो. आता उन्हाळा सरताना मोठे पाळक बगायला येनार. काय काम दिसलं न्हाय तर आमाला हितनं उठवनार." मी म्हनलं, "मग मी काय करू?" म्हनली, "तुला काय करायचं न्हाय. घरात मानसं दिसली, हसताना ऐकू आली, की मानसं येत्यात." म्हंजी बगा, मला हलगीवानी वाजवायला बोलावलं हुतं. पर अक्काला हितंच का ऱ्हायाचं हुतं? गाव तिचं न्हवं, हवा तिला सोसत न्हवती, घामानं अंगावर पुरळ उठलेलं. इचारलं तर म्हनली, "हितल्या बाया लई हसत्यात रं. मला कुंपनावरनं ऐकू येतंय. कशाला हसत्यात त्ये कळत न्हाय."

मी वाजलो, पर भलतीकडंच. दुसऱ्या दिशी गठुड्यातल्या धा-बारा भाकरी घेऊन वाळूवर गेलो. तितं पांडू म्हनून व्हडीचा तांडेल, म्हंजी म्होरक्या, जाळं निवडत बसलेला. दोन-दोन रात्री भाईर जात्यात ही लोकं. मी म्हनलं, "मामा, आमची भाकरी न्या. महिनाभर कडक ऱ्हाती. न्हाय ऱ्हायली तर दान्याचं नाव बदला." आन् वर त्याच्या व्हडीत काठाकाठानं एक फेरी बसायला मागितलं. बसलो. काय झालं त्ये इचारू नगा. घाटातलं परत झालं, एवढंच.

आता मला काय ठावं, समिंदराच्या हवंत भाकरी सादळती त्ये! व्हडी दोन रात्रींनी परत आली, त्या सकाळी कुंपनाबाहीर गलका झाला. पांडूची बायकू जानकी आन् तिच्यामागं दोगी-तिगी, हातात माजी भाकरी. जानकीनं ती रुमालावानी घडी करून दाखवली. "गे बाय, तुजो भाव खंय आसा? म्हयनोभर कडक रवतली म्हणून सांगल्यान, आन् दुसऱ्या दिसाक चपाती झाली! माजो घोव उपाशी रवलो!"

मी खाटंखाली. मार्थानं बोट करून दाखवलं, "त्यो बगा, तितं हाय." नवरा-बायकूचं प्रेम म्हंत्यात त्ये ह्ये.

जानकी तरातरा माज्याकडं आली. रागात हुती, उंबरा काय तिला दिसलाच न्हाय. आत आली आन् मदीच थबकली. बाकीच्या बाया उंबऱ्याभाईरच. दाजी पुस्तक मिटून दाराशी आलं. अक्कानं काय करावं? पाट मांडला. म्हनली, "आदी बस. भांडान बसूनबी करता येतंय की."

जानकी बसली न्हाय, पर गेलीबी न्हाय. अक्कानं चुलीवर तवा ठिवला, ती मऊ पडलेली भाकरी तिच्या हातातनं घेतली आन् इस्तू बारीक करून फिरवत ऱ्हायली. थोड्या येळानं मोडली. कुडुम! भाईरच्या बायांनी माना आत घातल्या. अक्कानं अर्दी सोता खाल्ली, अर्दीवर चटनी घातली आन् म्होरं केली. जानकीनं त्या तुकड्याकडं बगितलं, मग अक्काकडं.

"ह्यां खाल्लंय तर मी बाटतंय काय?"

दाजीनं तोंड उगडलं. अक्का मागं न बगता म्हनली, "तुमी गप बसा वो." आन् जानकीला म्हनली, "खाल्लंस तर तहान लागंल. चटनी तिकट हाय."

जानकी खो खो हसली. पाटावर बसली, खाल्ली, डोळ्यात पानी आलं, आन् तिनं पानी मागितलं. अक्कानं तांब्या दिला आन् जानकी पिईस्तवर टाचा उचलून हुबी ऱ्हायली. मी खाटंखालनं बगितलं म्हनून मला ठावं. वरनं कुनाला दिसलं नसंल.

मग काय! रोज चार बाया. भाकरी थापायची कशी, शेंगा कुटायच्या कशा. अक्कावानी थापायला गेलेली भाकरी त्यांच्या हातात फाटली की त्या हसायच्या, त्यांची नारळाची वाटी अक्काच्या हातनं फुटली की अक्का. कशाला हसत्यात त्ये आता तिला कळत हुतं. बरंचसं मलाच हसत हुत्या.

मोठे पाळक आले तवा आमी निगायच्या तयारीत. सैपाकघरातनं बायांचा आवाज येत हुता. पाळकांचं तोंड फुललं. "शमुवेल, ह्या भगिनी प्रार्थनेला येतात?" दाजी, ज्यो इचारायच्या आत उत्तर द्यायचा, त्यो घुटमळला. मी मागनं हळूच म्हनलं, "व्हय म्हना की दाजी, कोन बगतंय!" तेवढ्यात अक्का पिठाच्या हातानं भाईर आली. "न्हाय सायेब. भाकरीला आल्यात. प्रार्थनेला कोन न्हाय."

मी कपाळावर हात मारला. पाळकांनी भाकरी खाल्ली, बरी हाय म्हनले, आन् पावसाळ्याच्या आत दोगांची बदली सोलापूरला झाली.

एक बारी मी तिला इचारलं, "एक शब्द व्हय म्हनली असतीस तर काय बिगडलं असतं?" म्हनली, "आत बसून ऐकत हुत्या की रं त्या. भाकरी खायाला आल्या, त्यांच्यावर आमचं नाव कसं लावू? गावात परत गेल्यावर त्यांनी काय सांगायचं?" मग म्हनली, "लई चांगलं गाव हुतं दान्या…" एवढंच. परत कवा तिनं त्या गावाचं नाव काडलं न्हाय. अक्का देवासाठी गेली हुती का मानसासाठी, का तिच्यालेखी ह्ये एकच हुतं, मी आजून इचार करतोय. माज्या डोक्यात एवढं मावत न्हाय.

सोलापूरला आल्यावर तिच्याकडं कोन प्रार्थनेला आलं का त्ये दाजी सांगत्याल. भांडायला मातर सगळी गल्ली यायची. नळाचं भांडान, कोंबडीचं भांडान, सवतीचं भांडान. पाट मांडलेलाच.

ती गेल्यापासनं मी दाजीच्या सोबतीला तितंच झोपतोय. परवा सकाळी शेजारची नरसव्वा आली. हातमागवाल्याची बायकू, तेलुगू बोलत बोलत मराठीत शिव्या देती. माज्या टांग्यानं तिच्या दारातली रांगोळी पुसली, वर घोड्यानं काय केलं त्ये तुमी वळखा. बोंबलत आत आली आन् चुलीकडं बगून मदीच थबकली. मी आपलं वाद घालायला तोंड उगडनार, तर दाजी उठलं. पाट सरकवला.

नरसव्वा बसली. मला दुसरं काय सुचंना, मी तवा ठिवला आन् भाकरी टाकली. "इस्तू बारीक कर, येड्या, जळंल," ती म्हनली. जळलीच. तिनं तशीच खाल्ली, पदरानं डोळं पुसलं, चटनी तिकट नसताना. जाताना उंबऱ्यात थांबली आन् म्हनली, "भांडान ऱ्हायलंच की. उद्या येते."