नऊ वाजताची नोंद

गेल्या ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी सकाळी नऊ वाजता कार्डिफमधल्या एका सोमाली सेंटरच्या फ्रिजचं तापमान अकरा अंश होतं. नियमाप्रमाणे ते आठच्या वर जाता कामा नये. फ्रिजचं दार आदल्या दुपारी तीन वाजता शेवटचं मी लावलं होतं.

मी तिथे पाच दिवसांचा वॉलंटियर होतो. मी ज्या बँकेत काम करतो तिथे समाजकार्यासाठी वर्षातून एक आठवडा भरपगारी रजा मिळते. काही सहकारी ती घेऊन केनियाला जातात, शाळेच्या भिंती रंगवतात आणि उन्हाने लाल होऊन परत येतात. नागपूरच्या माणसाला कार्डिफ हाच परदेश. त्यात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या लोकांची वस्ती आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर, जुन्या गोदीजवळ. तिथल्या सोमाली सेंटरला स्वयंपाकघरात माणूस हवा होता. मी नाव दिलं. बायकोला इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून आम्ही इकडे आलो. त्याआधी सात वर्षं मी नागपूरला एका दैनिकात बातमीदार होतो. अर्जात मी तेही लिहिलं होतं. सेंटरने मला त्यासाठीच घेतलं, हे सोमवारी कळलं.

सेंटरमध्ये सोमवार ते शुक्रवार म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारचं जेवण असतं. तीस-पस्तीस पानं होतात. स्वयंपाक एक बाई करतात. वय साठीच्या पुढे. नव्वदच्या दशकात मोगादिशूहून आलेल्या. त्या वर्षी उन्हाळ्यात कौन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, अधिकारी तपासणीला आली होती. ओटा स्वच्छ, भांडी स्वच्छ, मांस नीट शिजलेलं. मग तिने फ्रिजच्या तापमानाचा तक्ता पाहिला. दिवस बुधवार होता. तक्त्यात गुरुवारचं आणि शुक्रवारचं तापमान भरलेलं होतं. सगळीकडे चार.

वेल्समध्ये खाण्याच्या प्रत्येक जागेला स्वच्छतेचा शून्य ते पाच असा आकडा मिळतो आणि तो दारावर चिकटवावा लागतो. सेंटरला एक मिळाला. सेंटरच्या समितीने ठराव केला: फेरतपासणीत किमान तीन मिळाले नाहीत, तर स्वयंपाकघर बंद आणि बाहेरून सँडविचची पाकिटं. फेरतपासणीचा अर्ज गेला होता. अधिकारी कधी येणार हे सांगत नाहीत.

सोमवारी सव्वानऊला मी पोचलो तेव्हा बाई कांदे चिरत होत्या.

"इंडिया?" त्यांनी विचारलं आणि लगेच हिंदीत म्हणाल्या, "चाकू पकड़ना आता है?"

लहानपणी मोगादिशूच्या थिएटरांत पाहिलेल्या सिनेमांतून त्यांना हिंदी येत होती. पुढचं बोलणं बहुतेक इंग्रजीत झालं, पण रागवायच्या वेळी त्या हिंदीत यायच्या.

मी म्हटलं, समितीने मला नोंदींची फाइल सांभाळायला सांगितलंय.

"म्हणजे लिहिणारा पाठवला," त्या म्हणाल्या. "मी सोलणारा मागितला होता."

मी बटाटे घेतले. पाच मिनिटं त्यांनी पाहिलं.

"वलाल," त्या म्हणाल्या. वलाल म्हणजे भाऊ. "बटाटा सोलतोयस की त्याचा फॉर्म भरतोयस?"

मंगळवारी मी तक्त्याबद्दल थेट विचारलं. पुढच्या दिवसांचं तापमान आधी का लिहिलं?

"कारण ते रोज चारच असतं. सोमवारी सगळं लिहिलं की आठवडाभर हात मोकळे. मी खोटं नाही लिहिलं. मी लवकर लिहिलं."

मी त्यांना नागपूरची गोष्ट सांगितली. एका नगरसेवकाच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर होतं. पान लवकर छपाईला सोडायचं होतं म्हणून मी बातमी दुपारीच लिहून दिली: शिबिर उत्साहात पार पडले. रक्तपेढीची गाडी आलीच नाही. शिबिर झालं नाही. बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली.

"किती लोकांनी रक्त दिलं, ते लिहिलंस?"

"एकशे एकवीस."

बाईंनी सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी ओटा धरून हसल्या. डोळे पुसले. पुन्हा हसल्या.

"एकशे एकवीस! मी निदान चार लिहिलं!" आणि बाहेरच्या हॉलकडे तोंड करून त्यांनी ती गोष्ट सोमालीत मोठ्याने सांगितली. हॉलमध्ये तेव्हा एकच माणूस होता.

हे गृहस्थ नव्वदीला टेकले होते. सगळे त्यांना अदेर म्हणत, म्हणजे काका. जेवण एकला असायचं; ते नऊला यायचे आणि रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसायचे. तरुणपणी ते ब्रिटिश मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये होते. कार्डिफ, एडन, मुंबई, पुन्हा कार्डिफ. गोष्ट ऐकून ते हसले नाहीत. काठी टेकत आत आले आणि मला विचारलं, "काटा कोण वाचतं?"

फ्रिजवर काटा नव्हता, डिजिटल आकडा होता. मी म्हटलं, फॉर्मप्रमाणे दिवसातून दोनदा वाचायचा असतो.

"दोनदा? जहाज बुडेल."

इंजिनरूममध्ये चार तासांची पाळी असायची आणि दर तासाला बॉयलरचा काटा वाचून लिहायचा, असं त्यांनी सांगितलं. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेलं लिहायचं, दुसऱ्याने सांगितलेलं नाही. माझ्या पहिल्या संपादकांनीही मला हेच सांगितलं होतं.

"अदेर, तुम्हाला लिहिता कुठे येतं?" बाई म्हणाल्या.

"अक्षरं नाही येत. आकडे येतात. ते बॉयलरने शिकवले."

बुधवारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून जाड पुठ्ठ्याची वही आणली. पट्टीने रकाने आखले: वेळ, फ्रिज, फ्रीझर, कोणी पाहिलं. अदेर म्हणाले, अजून एक रकाना हवा. काटा वर गेला तर काय केलं ते कुठे लिहिणार? मी पाचवा रकाना आखला. दहा वाजता त्यांनी पहिली नोंद केली. आकडे मोठे होते, एकेक नोंद दोन ओळी खायची. त्यांनी सही म्हणून एक छोटा नांगर काढला. अकराला, बाराला, एकला, दोनला ते खुर्चीतून उठून आत आले. मधे बाईंनी एकदा सुचवलं की मी वाचून त्यांना बसल्या जागी सांगावं. अदेर काठी टेकत उठले.

तीन वाजता दुधाचा क्रेट आला. तो मी फ्रिजमध्ये ठेवला, दार लावलं आणि घरी गेलो.

गुरुवारी नऊ वाजता आम्ही तिघे फ्रिजसमोर उभे होतो. दार बोटभर उघडं होतं. क्रेटचा कोपरा रबराच्या पट्टीला अडला होता. आकडा अकरा.

बाईंनी क्रेट आत ढकलला आणि दार दाबून बंद केलं.

"दहाला वाचा," त्या म्हणाल्या. "दहाला चार असेल. चार लिहा. खोटं नाही होणार."

ते खरंच खोटं झालं नसतं. तक्त्याला दिवसातून दोनच वेळा लागत होत्या. त्या कुठल्या, हे ठरलेलं नव्हतं. मी तसं म्हणालोही.

"नऊची पाळी नऊला," अदेर म्हणाले. त्यांनी वही उघडली.

"अदेर, कौन्सिलची ती बाई आज आली तर? पहिलं तेच पान बघेल. माझं स्वयंपाकघर जाईल!"

"जाईल तर जाईल. अकरा आहे."

"अकरा याच्यामुळे आहे!" बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मग हिंदीत: "तुम आदमी हो या आफ़त?"

अदेरनी लिहिलं: ९. ११. नांगर. आणि वही माझ्यापुढे सरकवली. पाचव्या रकान्यात अक्षरं लागत होती.

दार किती वेळ उघडं होतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. पूर्ण अठरा तास धरणं भाग होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी बाह्या वर केल्या, फ्रिज उघडला आणि चिकन बाहेर काढलं. आदल्या दिवशी मसाला लावून ठेवलेलं, तीस माणसांचं. ते काळ्या पिशवीत गेलं. शिजवलेला भात गेला, दूध गेलं, दही गेलं. प्रत्येक वस्तू टाकताना त्या तिचं नाव मोठ्याने घेत होत्या आणि मी लिहीत होतो. शेवटी म्हणाल्या, "लिही. दार कोणी उघडं ठेवलं तेही लिही."

मी लिहिलं.

पावणेदहा झाले होते. जेवण एकला होतं. बाईंनी कपाटं उघडली. स्पॅगेटी होती, टोमॅटोचे डबे होते, ट्युना माशाचे डबे होते, कांदे होते. खोक्यात केळी होती. सोमाली जेवणात भात असो वा पास्ता, पानात केळं असतंच.

"बास्तो आणि ट्युना," त्या म्हणाल्या. बास्तो म्हणजे पास्ता. ""मोगादिशूत कोणी हे पाहुण्यांना वाढत नाही. आज वाढू. डबे उघड. अर्ज लिहू नकोस, उघड."

मी बावीस डबे उघडले. दहाच्या नोंदीत फ्रिज पाच होता. अकराच्या नोंदीत चार.

अकरा चाळीसला कौन्सिलची अधिकारी आली. उन्हाळ्यातलीच. तरुण, वेल्श, केस मागे घट्ट बांधलेले. तिने पांढरा कोट घातला, हात धुतले आणि फ्रिज उघडला. फ्रिज रिकामा होता.

"आज जेवण नाही?"

"आहे," बाई म्हणाल्या. रस्सा ढवळणं त्यांनी थांबवलं नाही.

तिने स्वतःचं थर्मामीटर फ्रिजमध्ये ठेवलं. चार. रश्शात बुडवलं. अठ्ठ्याऐंशी. सिंक पाहिलं, सिंकमागच्या फरशीची एक भेग पाहिली, तिचा फोटो काढला. मग तिने नोंदी मागितल्या. मी वही दिली. ती शेवटच्या भरलेल्या पानावर थांबली आणि उभ्याउभ्या पूर्ण वाचू लागली. पाचव्या रकान्यातला मजकूर रकान्यात मावला नव्हता. तो खाली सहा ओळी गेला होता. बाईंनी गॅस बारीक केला.

"हे अकरा कोणी लिहिलं?"

"मी," अदेर दारातून म्हणाले.

"का?"

"अकरा होतं म्हणून."

फेकलेलं सामान तिने दाखवायला सांगितलं. बाईंनी काळी पिशवी उघडली. तिने यादीशी ताडून पाहिलं. दही यादीत होतं, पिशवीत दिसत नव्हतं. बाईंनी कोपरापर्यंत हात घालून दह्याचा डबा वर काढला. मग तिने बाईंना विचारलं, उद्या असंच झालं आणि हे दोघं इथे नसले, तर तुम्ही काय कराल?

"वाचेन. लिहीन. फेकीन," बाई म्हणाल्या. "आणि ट्युना करीन."

अधिकारी पहिल्यांदा हसली. नांगर कशाचा, असंही तिने विचारलं. अदेरनी तिला बॉयलरपासून सुरुवात करून सांगितलं. एडन येईपर्यंत ती थांबली, मग घड्याळ पाहून निघाली. निकाल पत्राने येईल, म्हणाली.

एक वाजता चौतीस पानं वाढली. एका आजींनी विचारलं, चिकन कुठे आहे? अदेरनी आपल्या ताटातलं केळं सोलता सोलता माझ्याकडे मान हलवली. हॉलमध्ये कोणीतरी "एकशे एकवीस!" असं ओरडलं. मंगळवारपासून माझं तेच नाव झालं होतं.

शुक्रवारी जेवण नमाजनंतर दोनला झालं. सकाळी नऊपासून पाच नोंदी झाल्या. तीन अदेरच्या, दोन बाईंच्या. नमाजच्या वेळी अदेर मशिदीत होते, म्हणून बाईंनी पहिल्यांदा स्वतः वाचून लिहिलं. त्यांनी सहीच्या जागी कढई काढली. निघताना त्यांनी मला एक डबा दिला. ट्युना नव्हता, चिकन होतं.

"बायकोला सांग, मी सोलायला शिकवलंय. आता घरी सोल."

सोमवारी मी बँकेत कामावर रुजू झालो.

दोन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, बाईंचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. त्यांनी निरोप ठेवला होता: "एकशे एकवीस, पत्र आलंय. फोडलं नाही. ये." मी लंचची वेळ लवकर घेतली आणि बस पकडली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी पाकीट कांद्याच्या सुरीने फोडलं. पत्र माझ्या हातात दिलं. मी मोठ्याने वाचलं. सिंकमागची फरशी बदलायची होती. नोंदींबद्दल दोन परिच्छेद होते आणि त्यांत एकही सूचना नव्हती. सेंटरला चार मिळाले होते.

बाईंनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग पत्र घेऊन त्या हॉलमध्ये गेल्या आणि सोमालीत काहीतरी ओरडल्या. तेव्हा हॉलमध्ये अकरा जण होते. दोन आज्यांनी जीभ हलवत आनंदाची लांब किलकारी केली. एकीने टेबल बडवायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी ताल धरला. अदेर बसूनच होते. टेबलं थांबल्यावर त्यांनी विचारलं, "पाचातला एक कुठे गेला?"

"फरशीत," बाई म्हणाल्या.

"फरशी मी बदलतो," ते म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले.

बाईंनी दारावरचा जुना स्टिकर सुरीच्या पात्याने खरवडून काढला. डिंकाचा डाग गरम पाण्याने पुसला. पत्रासोबत आलेला नवा स्टिकर त्यांनी दोनदा लावून पाहिला, कारण पहिल्यांदा तो तिरका बसला होता. समितीचं पत्र त्याच दुपारी आलं: स्वयंपाकघर चालू राहील.

वहीत त्या दिवशीच्या पानावर बाराची नोंद अदेरच्या हाताची आहे. फ्रिज, ३. फ्रीझर, उणे १९. पाचव्या रकान्यात, जिथे ते कधीच काही लिहीत नाहीत, तिथे एक आकडा आहे: ४. त्याच्यापुढे नांगर आहे आणि नांगराशेजारी कढई.