लाभापासून दहापर्यंत

मंठ्याच्या बाजार समितीत अण्णासाहेबांचा आवाज आधी ऐकू येतो, माणूस मागाहून दिसतो. अंगापिंडानं किरकोळ, पण पुकारायला लागले की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातला चहावाला दचकतो. ते मापाडी. काट्यावर पोतं चढलं की वजन पुकारायचं, पोत्यांची मोजदाद ठेवायची आणि शेतकरी म्हणतो जास्त भर, अडत्या म्हणतो कमी भर, अशा दोघांच्याही शिव्या हसत खायच्या, असं हे काम. उभी हयात त्यांनी त्यात काढली.

मापाडी मोजायला लागला की 'एक' म्हणत नाही. पहिल्या पोत्याला 'लाभ' म्हणतो आणि मग दोन, तीन, चार. जुनी रीत आहे. अण्णासाहेबांचं घर बाबासाहेबांना मानणारं. तिथं नवस नाही, मुहूर्त नाही, लिंबू-मिरची तर दारात फिरकतसुद्धा नाही. पण हा 'लाभ' त्यांनी सोडला नाही. "ते देवाचं न्हाई, धंद्याचं हाय," एवढं बोलून त्यांनी वाद मिटवला होता.

त्यांची पोर संध्या लहानपणी शाळा सुटली की थेट बाजारात यायची आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून बापाच्या मागोमाग मोजायची. व्हायचं तेच झालं. पहिलीत शालूबाईंनी अंक म्हणायला उभं केलं, तर पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ, दोन, तीन!" बाईंनी बापाला बोलावून घेतलं. अण्णासाहेब बाईंपुढं मान खाली घालून उभे राहिले आणि बाहेर आल्यावर पोरीला पेढा घेऊन दिला. आता असल्या बापाला कोण काय शिकवणार!

अण्णासाहेबांनी आयुष्यात एकच लढाई जिंकली, ती काट्याची. तरुणपणी ते ज्या आठवडी बाजारात मापाला जात, तिथं दर व्यापाऱ्याचा काटा वेगळा आणि कडताही वेगळा. म्हणजे पोत्याच्या, मातीच्या, ओलीच्या नावानं जे वजन कापायचं, ते ज्याच्या त्याच्या मर्जीनं. एकाकडं माल हलका भरला की शेतकऱ्यानं तोच दुसरीकडं न्यायचा. अण्णासाहेब पेटून उठले. "एका बाजारात चार काटे, म्हणजे चारी खोटे," हे वाक्य त्यांनी इतकं घासलं की शेवटी बाजारात सगळ्यांसाठी एकच काटा बसला. त्यानंतर त्यांना ते वाक्य लग्नात, निवडणुकीत, चौदा एप्रिलच्या बैठकीत, कुठंही वापरायची सवयच लागली. त्यांची बायको बेबीनंदा म्हणायची, "भाजीत मीठ जास्त झालं तरी हे मानूस चार काट्यांवरच येतंय."

संध्या बॉक्सिंगकडं वळली ती अंगद सरांमुळं. ते शाळेत खेळ शिकवायचे. ठोसे मारायला बॅग नव्हती, तर अण्णासाहेबांनी जुन्या बारदानात भुसा भरून दिला आणि पोरीनं वर्षभरात तसली किती पोती फाडली याचा हिशेब खुद्द मापाड्याकडंही नाही. पुढं ती व्यावसायिक झाली. लढतीचं मानधन घेऊ लागली, हॉलबाहेर तिचे फलक झळकू लागले. पण त्या धंद्याची तऱ्हा अशी होती की राज्यात चार महासंघ, चौघांचे विजेतेपदाचे चार पट्टे, चार डॉक्टर. एकाच वजनात चार-चार चॅम्पियन, आणि त्या पोरी एकमेकींना कधी भिडलेल्याच नाहीत. एकाकडं हरलं की दुसऱ्याकडं जायचं. एकाच्या डॉक्टरनं विश्रांती सांगितली की तिसऱ्याचा डॉक्टर हातमोजे बांधून द्यायला तयार.

मग चौघांना एकत्र आणून एकच लीग करायचं ठरलं. जिल्ह्याजिल्ह्यांचे संघ, एक गुणतक्ता, एका वजनाला एकच पट्टा. आणि एक नियम असा की बॉक्सर कुठल्याही रिंगणात डोक्याला मार लागून पडला, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्यानं कुठंच उतरायचं नाही. अंगद सरांनी हे सांगितलं तेव्हा अण्णासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी बाजारात येकच काटा! सर, हे म्या कवाचं सांगून राह्यलो!" आठवडाभर ते अशा थाटात हिंडले की जणू लीग त्यांनीच काढली. संध्याची जालन्याच्या संघात निवड झाली आणि पहिलीच लढत जालन्यातच ठरली. मंठ्याहून टेम्पो भरून माणसं निघणार होती.

चार महासंघांत बबलूशेठचा एक होता. नाव एवढं लांबलचक की पट्ट्यावर मावायचं नाही. लीगमध्ये यायला तो सगळ्यांत शेवटी तयार झाला आणि त्याआधी हात धुऊन घ्यावेत म्हणून त्यानं एका गावच्या जत्रेत शेवटची लढत लावली. संध्याच्या मनात नव्हतं. "बाबा, लीग जवळ आली. आता कशाला?"

"चालत आलेल्या पट्ट्याला न्हाई म्हनू नये," अण्णासाहेब म्हणाले. "जल्दी जाऊ, जल्दी येऊ."

दुसऱ्याच फेरीत समोरच्या पोरीचा ठोसा संध्याच्या कानशिलावर बसला आणि ती आडवी झाली. पंच वाकून मोजू लागला. दहापर्यंत उठली नाही तर खेळ खल्लास. गर्दी गप्प झाली. त्या शांततेत अण्णासाहेबांच्या तोंडून, नको असताना, सवयीनं निघालं, "लाभ… दोन… तीन…" शेजारचा माणूस वळून बघायला लागला तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. आठावर संध्या उठली, आणि पुढं जिंकलीसुद्धा. पट्टा घरी आला. बापानं तो भिंतीवर टांगला. पण पोर पडलेली असताना आपण 'लाभ' म्हणालो, हे त्यांना कुणाला सांगवलं नाही.

त्यानंतर संध्या दिवसा खिडकी लावून पडू लागली. बेबीनंदा म्हणाली, "पोरीचं डोकं दुखून राह्यलंय. मला बराबर दिसत न्हाई हे."

"उन्हाचं हाय," अण्णासाहेब म्हणाले. लढत तोंडावर आली होती, गाव टेम्पो ठरवून बसलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

लढतीच्या आदल्या दिवशी जालन्यात वजनं झाली. संध्याचं वजन चोख भरलं. काट्यापलीकडं लीगच्या डॉक्टर साधना बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, चष्म्याच्या, आवाज अगदी हळू. त्यांनी संध्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "जत्रेतल्या लढतीत पडली होतीस ना तू? बबलूशेठ आता लीगमध्ये आलेत, त्यांच्याकडचे निकाल आम्हाला कळतात."

संध्या काही बोलायच्या आत अण्णासाहेब मध्ये आले. "मॅडम, ते तिकडचं हाय. दुसऱ्याच्या रिंगनातलं. तिकडचं तिकडं. आता वजन बराबर भरलं, उंद्या माझी पोर उतरन. सारं गाव येऊन राह्यलंय."

"काका, तिचं डोकं तेच आहे ना? का तिकडं वेगळं घेऊन गेली होती?" डॉक्टर हळूच म्हणाल्या.

अण्णासाहेबांचा आवाज चढला. हॉलमधली माणसं बघू लागली. अंगद सर त्यांचा हात धरून "अण्णा, अण्णा" करत राहिले. आणि तेव्हा संध्या, जी तपासणी झाल्यापासून भिंतीला टेकून उभी होती, ती म्हणाली, "बाबा. एका बाजारात चार काटे, म्हणजे चारी खोटे. तुमीच म्हनता ना?"

अण्णासाहेब तिच्याकडं वळले.

"माझं डोकं लई दुखून राह्यलंय, बाबा. रातच्याला उलटी झाल्ती. आईलाबी कळू दिलं न्हाई म्या." आणि ती खाली बसली.

साधना डॉक्टरांनी पुढचं कुणावर सोडलं नाही. आपल्याच गाडीत घालून तिला तपासणीला नेलं, स्वतः मशीनबाहेर उभ्या राहिल्या. कवटीच्या आत रक्ताची एक कोर साचली होती. थोडी थोडी करत वाढत होती. ऑपरेशन लागणार होतं आणि ते संभाजीनगरला.

"उंद्या उतरली असती तं?" अण्णासाहेबांनी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "एक ठोसा पुरला असता, काका."

अण्णासाहेब म्हणजे बाजारात क्विंटलांनी माल तोललेला माणूस, पण हे वजन त्यांना उचलेना. बबलूशेठला दोष द्यावा, तर पट्टा घ्यायला आपणच गेल्तो. उन्हाला द्यावा, तर ऊनसुद्धा आपणच सांगितलेलं. मंठ्याहून बेबीनंदा धावत आली. संभाजीनगरच्या रस्ताभर ती नुसती पोरीचा हात धरून बसली होती. अण्णासाहेबांना वाटत होतं, बायकोनं चार शिव्या तरी द्याव्यात.

ऑपरेशन झालं. अर्धवट उघड्या काचेच्या दारामागं संध्या डोक्याला पांढरी पट्टी बांधून निजली होती. बेबीनंदा बाकावर, अण्णासाहेब दाराशी. मंठ्याहून फोन येत होते, ते त्यांनी अंगद सरांकडं दिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आवाज नव्हता.

संध्यानं डोळे उघडले तेव्हा दैवशाला नावाच्या सिस्टर तिच्याजवळ होत्या. पेशंट जागा झाला की डोकं ठिकाणावर आहे का हे तपासायचं असतं, त्याप्रमाणं त्यांनी विचारलं. नाव? संध्या. गाव? मंठा. हात उचल. उचलला.

"आता एकपासून दहापर्यंत अंक म्हण बघू."

संध्यानं ओठ ओले केले. "लाभ…"

"काय?"

"लाभ… दोन…"

सिस्टरांचा चेहरा उतरला. त्या लगबगीनं दाराकडं वळल्या, "डॉक्टर! पेशंट 'एक' विसरली, काहीतरी भलतंच म्हणतेय!" आणि दारातच हा एवढासा म्हातारा त्यांच्या आडवा आला. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक वाहतंय आणि तोंडानं हसतोय.

"सिस्टर, थांबा! तिचं डोकं बराबर हाय! बिलकुल बराबर हाय! आमच्या घरात 'एक' न्हाईच व. माप लाभापासूनच सुरू व्हतं." बाकावरून बेबीनंदा उठली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याच्या पाठीवर तिनं हात ठेवला.

"असं होय," सिस्टर म्हणाल्या. त्याही मग हसल्या. "बरं, पुढं म्हण बाळा. पूर्ण करून दाखव."

संध्या सावकाश म्हणू लागली. तीन. चार. पाच. रिंगणाबाहेर बसून हे अंक ऐकताना अण्णासाहेबांनी दरवेळी श्वास धरला होता. दहा आलं की संपलं, हीच भीती. आजही त्यांनी काचेला हात टेकून श्वास धरला. सहा, सात. आठावर पोर थांबली. थकली होती. अण्णासाहेबांचे ओठ हलले, पण आवाज त्यांनी काढला नाही. हे माप तिचं होतं.

"नऊ," संध्या म्हणाली. "दहा."

अण्णासाहेबांनी अंगद सरांकडून फोन मागून घेतला आणि साधना डॉक्टरांना लावला. काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. उपकार कसे मानावेत, माफी कशी मागावी, सगळं. पलीकडून "बोला काका" आलं आणि त्यातलं काहीच तोंडातून निघेना.

"मॅडम," ते कसंबसं म्हणाले, "माझी पोर दहा म्हनली."